आईच्या रिपोर्टमधला नेमका कुठला आकडा बघायचा?

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे. तीन-चार महिन्यांपासून भाकरीचा घास छातीत अडकायचा. आम्हाला वाटलं पित्त असेल. आता भातसुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागतो. दुर्बीण घालून तुकडा काढला, तेव्हा अन्ननलिकेच्या मधल्या भागात ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा’ निघाला. पेट स्कॅनवर टी३ एन१ एम० लिहिलंय. सर्जन म्हणतात, आधी पाच आठवडे किमो आणि लाईट (रेडिएशन), मग ऑपरेशन. दरम्यान दाजींनी एका लॅबमधून मार्करचं पॅकेज करून घेतलं. त्यात सीईए ७.८ आला, सीए १९-९ नॉर्मल. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतात एक मार्कर नॉर्मल आहे म्हणजे आजार फार नाही. दादा म्हणतो सीईए वाढलाय म्हणजे लिव्हरला गेलंय. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये पी५३ पॉझिटिव्ह, केआय ६७ साठ टक्के आणि पीडी-एल१ सीपीएस १५ असंही आहे. हर-२ केलेलीच नाही, ती राहिली का? आता कुणीतरी सगळ्या जीन्सची तपासणी करायला सांगितलंय. त्याचा खर्च ऐकून दादा जमिनीचा तुकडा विकायचं बोलतोय. नेटवर वाचलं की पाच वर्षं जगणारे पाचात एक. पी५३ पॉझिटिव्ह म्हणजे आम्हा भावंडांनाही धोका आहे का? आईला आम्ही ‘अल्सर आहे’ एवढंच सांगितलंय. तिचं वजन ५२ वरून ४६ वर आलंय. तिला लहानपणापासून मिश्रीची सवय आहे. आईच्या हातात किती दिवस आहेत, हे या मार्करवरून कळेल का?
— एक मुलगी, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातल्या शेवटून तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात करते. वजन ५२ वरून ४६. बाकीच्या आकड्यांवर घरात रणकंदन चाललंय आणि हा आकडा मात्र तुम्ही जाता जाता लिहून टाकलाय. सहा किलो म्हणजे आईच्या वजनाच्या अकरा-साडेअकरा टक्के. आज, या आठवड्यात, तुमच्या हातात असलेली गोष्ट हीच आहे. मार्करचं सगळं सांगते, पण हे आधी डोक्यात ठेवा, मी पुन्हा याच्याकडे येणार आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुकड्यांच्या काचा मायक्रोस्कोपखाली बघून रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे तुम्ही लिहिलेला एकेक शब्द कागदावर कुठून येतो ते मला माहीत आहे, आणि तो शब्द घरी पोचल्यावर काय उलथापालथ करतो तेही. रिपोर्ट डॉक्टरांसाठी लिहिलेला असतो, वाचतात मात्र घरचे, तेही रात्री उशिरा, मोबाइल हातात घेऊन. त्यात दोष तुमचा नाही. पण त्या कागदावरच्या सगळ्या ओळी सारख्या वजनाच्या नसतात, हे कुणीतरी तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं.

आधी रक्तातले मार्कर, म्हणजे कर्करोगात वाढू शकणारी रक्तातली द्रव्यं. सीईए हे एक प्रथिन आहे. १९६५ साली कॅनडातल्या माँट्रिऑलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी ते मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शोधलं. पुढे लक्षात आलं की कर्करोग नसतानाही ते थोडंफार वाढतं : विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या दुखण्यांत, आतड्याच्या सुजेत. सर्वसाधारण मर्यादा पाचच्या आसपास धरतात, आईचा ७.८ आहे. एवढ्याशा वाढीवरून ‘लिव्हरला गेलं’ असं कुठलाच कर्करोगतज्ज्ञ म्हणणार नाही. लिव्हरला गेलंय का हे बघायला पेट स्कॅन केलेला आहे, आणि त्यावर एम० लिहिलंय. म्हणजे दूर कुठे आजार दिसलेला नाही. दादाला हे दाखवा. ज्या प्रश्नाचं उत्तर स्कॅनने दिलंय, तोच प्रश्न पुन्हा रक्ताच्या एका आकड्याला विचारायचा नसतो.

मामांचंही तसंच. सीए १९-९ नॉर्मल आहे याचा अर्थ काहीच निघत नाही. हा मार्कर मुळात स्वादुपिंड आणि पित्तमार्गाच्या आजारांत जास्त कामाचा. शिवाय शंभरातल्या पाच-दहा माणसांच्या शरीरात तो रक्तगटाच्या एका प्रकारामुळे तयारच होत नाही. त्यांचा कर्करोग कितीही पसरला तरी हा आकडा जागचा हलत नाही. स्क्वेमस प्रकारासाठी एससीसी अँटिजेन आणि सायफ्रा २१-१ असेही दोन मार्कर आहेत. उपचाराआधी ते बरेच वाढलेले असतील तर आजार पुढच्या टप्प्यात असण्याची शक्यता जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण एससीसी अँटिजेन सोरायसिससारख्या त्वचेच्या आजारात आणि किडनी कमकुवत असली तरी चढतो. म्हणून अन्ननलिकेच्या कर्करोगात रक्तातल्या कुठल्याही मार्करवरून निदान करत नाहीत, स्टेज ठरवत नाहीत, उपचार बदलत नाहीत. फार तर, सुरुवातीला वाढलेला असेल तर उपचारानंतर खाली येतो का हे काही डॉक्टर बघतात. तेही त्याच लॅबमध्ये केलं तरच, कारण दोन लॅबच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

दाजींनी पॅकेज केलं ते काळजीपोटी. त्यांना बोल लावू नका. पण दर पंधरा दिवसांनी ते पुन्हा करू नका. ७.८ चा ८.१ झाला की घरात पुन्हा रडारड आणि ७.२ झाला की खोटा आनंद. दोन्हींचा आईला उपयोग नाही.

आता तुकड्याच्या रिपोर्टकडे. स्क्वेमस सेल कार्सिनोमा हे दोन शब्द बाकीच्या सगळ्या मार्करपेक्षा महत्त्वाचे आहेत. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन. अॅडिनोकार्सिनोमा हा बहुधा खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी होतो. वर्षानुवर्षं आम्ल वर येणं आणि लठ्ठपणा यांच्याशी त्याचा संबंध आहे आणि पाश्चात्त्य देशांत तो जास्त. स्क्वेमस हा नळीच्या आतल्या अस्तराचा. तंबाखू, दारू, सुपारी-पान यांच्याशी त्याचं नातं आहे, आणि आपल्याकडे बहुतेक रुग्ण याच प्रकारचे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरड्यांना लावली तरी लाळेबरोबर थेट याच नळीतून खाली जाते.

हे दोन आजार जनुकांच्या पातळीवरही वेगळे आहेत. २०१७ साली अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अॅटलास या प्रकल्पाने दाखवलं की अन्ननलिकेचा स्क्वेमस कर्करोग हा तोंड-घशाच्या कर्करोगांच्या जवळचा आहे आणि अॅडिनोकार्सिनोमा जठराच्या कर्करोगाच्या. तुमची हर-२ ‘राहिलेली’ नाही, ती मुद्दाम केलेली नाही, ते यामुळेच. हर-२ हे पेशीवरचं एक प्रथिन. त्याची तपासणी अॅडिनोकार्सिनोमामध्ये करतात, कारण तिथे ती ३+ आली, किंवा २+ येऊन पुढच्या, जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या फिश तपासणीत पक्की झाली, तर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध देता येतं. जठर आणि अन्ननलिकेच्या सांध्यावरच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात या औषधाने मध्यक आयुष्य (निम्मी माणसं ज्याहून जास्त जगतात तो काळ) ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेलं, हे २०१० मध्ये सिद्ध झालं. क्लॉडिन १८.२ नावाचा नवा मार्कर आहे, तोही त्याच बाजूचा. आईच्या प्रकारात या दोन्हींवर पैसे घालवायचं कारण नाही.

पी५३ बद्दल तुम्ही भावंडांच्या काळजीने विचारलंय, त्याचं उत्तर सरळ आहे. स्क्वेमस प्रकारात पी५३ चं जनुक बहुतेक गाठींमध्ये बिघडलेलंच असतं. बिघाड गाठीच्या पेशींत, आईच्या हयातीत झालेला असतो. तो तिने तुम्हाला जन्मताना दिलेला नाही. काचेवर पी५३ पॉझिटिव्ह दिसणं म्हणजे घराण्यात कर्करोग आहे असं नव्हे. भावंडांनी करायची गोष्ट एकच : घरात आणखी कुणी मिश्री, गुटखा, तंबाखू घेत असेल तर ती थांबवणं. केआय ६७ म्हणजे विभाजनाच्या तयारीत असलेल्या पेशींचं प्रमाण. साठ टक्के वाचून काळजात धस्स होतं हे मी समजू शकते, पण या आजारात या आकड्यावरून उपचार ठरत नाहीत. उलट झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर किमो आणि लाईटचा मारा बऱ्याचदा चांगला लागतो.

राहिला पीडी-एल१ सीपीएस १५. हा खरोखर कामाचा मार्कर आहे, म्हणून जरा जवळून दाखवते.

दुर्बिणीतून काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. तो फॉर्मॅलिनमधून येतो, मग मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकमधून केसाहूनही कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतात आणि रंगवतात. पीडी-एल१ हे प्रतिकारशक्तीला थोपवून धरणारं प्रथिन. ते ज्या पेशीवर आहे तिची कड तपकिरी दिसते. मग आम्ही मोजतो : कर्करोगाच्या तपकिरी पेशी किती, त्यांच्या भोवती जमलेल्या पांढऱ्या पेशींतल्या तपकिरी किती. ही बेरीज कर्करोगाच्या एकूण जिवंत पेशींनी भागायची आणि शंभराने गुणायची. तो सीपीएस. काचेवर कर्करोगाच्या किमान शंभर तरी पेशी असाव्या लागतात, नाहीतर मोजणीला अर्थ नाही. हे सगळं डोळ्यांनी होतं. एकच काच दोन अनुभवी माणसांनी बघितली तर एक १२ म्हणेल, दुसरा १८. गाठीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून तुकडा आला असता तर आणखी वेगळा आकडा आला असता. म्हणून १५ कडे ‘दहाच्या वर’ एवढ्याच नजरेने बघा, काट्यावर तोलू नका.

पीडी-एल१ जास्त म्हणजे आजार वाईट की चांगला, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रश्नामागे तेच आहे. यावर गोंधळ का होतो ते सांगते. मार्कर दोन तऱ्हेने बोलतात. काही मार्कर आजार किती आक्रमक आहे याचा अंदाज देतात, मग उपचार कुठलाही असो. काही मार्कर विशिष्ट औषध लागू पडेल का ते सांगतात. पीडी-एल१ या दुसऱ्या जातीचा आहे. आजार पसरलेल्या किंवा ऑपरेशनपलीकडे गेलेल्या रुग्णांत किमोबरोबर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध मोकळं करणारी औषधं, दिली तर काय होतं हे दोन मोठ्या अभ्यासांनी तपासलं. स्क्वेमस प्रकार आणि सीपीएस दहा किंवा त्याहून जास्त असलेल्यांत पेम्ब्रोलिझुमॅब हे असं औषध जोडल्यावर मध्यक आयुष्य ८.८ महिन्यांवरून १३.९ महिन्यांवर गेलं. दुसऱ्या अभ्यासात, गाठीच्या पेशींवर पीडी-एल१ एक टक्का किंवा जास्त असताना, निव्होलुमॅब या दुसऱ्या औषधाने ते ९.१ वरून १५.४ वर नेलं. हे आकडे वाचून घाबरू नका, ते आईच्या टप्प्यातल्या रुग्णांचे नाहीत. आईचा आजार पसरलेला नाही, तिला बरं करण्याच्या उद्देशाने उपचार सुचवलेत. त्या उपचारात, म्हणजे किमो-लाईट आणि ऑपरेशनमध्ये, सीपीएस पाच आला काय नि पन्नास आला काय, आज काहीच बदलत नाही. उद्या गरज पडलीच तर तो आकडा फाइलमध्ये तयार आहे, ही जमेची बाजू.

मार्कर सापडला म्हणून औषध लागू पडतंच असंही नाही. ईजीएफआर नावाचा मार्कर स्क्वेमस गाठींवर भरपूर दिसतो. साहजिकच त्याला अडवणारी औषधं वापरून बघितली. ब्रिटनमधल्या २०१३ च्या एका अभ्यासात किमो-लाईटला सेटुक्सिमॅब जोडलं, तर औषध मिळालेल्या गटाचं आयुष्य उलट कमी भरलं. कागदावर पटण्यासारखा तर्क रुग्णाच्या अंगावर उलटू शकतो. जीन्सच्या मोठ्या पॅनेलबद्दल माझं मत म्हणूनच स्पष्ट आहे : आत्ता करू नका. स्क्वेमस प्रकारात, या टप्प्यावर, त्या पॅनेलमधून आईचा पहिला उपचार बदलेल असं काहीही निघणार नाही. रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए मोजण्याच्या तपासण्याही आल्या आहेत. संशोधनात त्या आशा दाखवताहेत, पण त्यांच्या जोरावर अजून ऑपरेशन टळत नाही की ठरत नाही. जमीन विकून करावी अशी तर यातली एकही तपासणी नाही. दादाला सांगा, कुणीही नवी तपासणी सुचवली की एवढंच विचारायचं : ‘याचं उत्तर हो आलं तर आईला काय वेगळं देणार, आणि नाही आलं तर काय?’ दोन्हींचं उत्तर एकच असेल तर तपासणी थांबवायची.

मग अंदाज कशावरून बांधायचा? स्टेजवरून. टी३ म्हणजे गाठ नळीच्या स्नायूंच्या थरातून बाहेरच्या आवरणापर्यंत पोचलीय, पण शेजारच्या अवयवांत घुसलेली नाही. एन१ म्हणजे जवळच्या एक किंवा दोन लसिकाग्रंथींत आजार दिसतोय. एम० आधी सांगितलंच. याला आम्ही स्थानिक पातळीवर वाढलेला, पण बरा करण्याचा प्रयत्न करण्यासारखा आजार म्हणतो. नेटवरचा ‘पाचात एक’ हा आकडा अमेरिकेतला, सगळ्या स्टेज मिळून काढलेला आहे. निदानाच्या वेळीच आजार पसरलेली माणसं त्यात आहेत, ज्यांना ऑपरेशन झेपणार नव्हतं ती आहेत, आणि निम्म्याहून जास्त लोकांचा प्रकारही आईपेक्षा वेगळा आहे.

तुमच्या सर्जनने सुचवलेला मार्ग नेदरलँड्समधल्या क्रॉस नावाच्या अभ्यासातून आलाय. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला एकदा असे पाच वेळा कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, सोबत २३ वेळा लाईट, मग ऑपरेशन. तुलनेला नुसतं ऑपरेशन केलेला गट होता. सगळे रुग्ण मिळून मध्यक आयुष्य २४ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेलं. स्क्वेमस प्रकारातला फरक आणखी मोठा होता. पुढच्या पाठपुराव्यात तो २१ महिने विरुद्ध ८१ महिने असा भरला. मध्यक म्हणजे निम्मी माणसं त्याहून जास्त जगली. स्क्वेमसचे रुग्ण त्या अभ्यासात थोडे होते, शंभराच्या आत. त्यामुळे ८१ हा आकडा आईच्या नावावर लिहून ठेवू नका. पण दिशा पक्की आहे, आणि या प्रकाराला किमो-लाईट चांगलं लागू पडतं हेही पक्कं आहे. त्याच अभ्यासात ऑपरेशन करून काढलेल्या अन्ननलिका तपासल्या, तेव्हा स्क्वेमसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत कर्करोगाची एकही जिवंत पेशी सापडली नाही. अॅडिनोकार्सिनोमात हे प्रमाण २३ टक्के होतं.

माझ्या टेबलावर येणारा सगळ्यात बोलका नमुना तोच असतो, ऑपरेशननंतरचा. कडा स्वच्छ आहेत का, गाठीच्या जागी नुसता व्रण उरलाय की पेशी जिवंत आहेत, काढलेल्या ग्रंथींपैकी कितींत आजार आहे. रक्तातला कुठलाही मार्कर, काचेवरचा कुठलाही रंग या तीन उत्तरांच्या जवळपास येत नाही. तुमच्या ‘किती दिवस’ या प्रश्नाला त्या दिवशी मी आजच्यापेक्षा कितीतरी नेमकं उत्तर देऊ शकेन. आज दिलं तर तो निव्वळ बाजारगप्पांमधला अंदाज ठरेल. ऑपरेशननंतर जिवंत पेशी उरलेल्या दिसल्या तरी रस्ता संपत नाही. अशा रुग्णांत वर्षभर निव्होलुमॅब दिलं तर आजार परत न येता जाणारा काळ ११ महिन्यांवरून २२ महिन्यांवर गेला, असं २०२१ च्या अभ्यासात दिसलं, आणि तिथे पीडी-एल१ किती ही अट नव्हती.

इम्युनोथेरपीचा खर्च मोठा असतो, आणि तो विषय निघेल तेव्हा दादा पुन्हा जमीन विकण्यावर येईल. एक गोष्ट कानावर असू द्या. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२२ साली डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात निव्होलुमॅबचा अगदी छोटा डोस, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, कमी खर्चाच्या गोळ्यांबरोबर देऊन बघितला. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तो अभ्यास अन्ननलिकेचा नव्हता, म्हणून तो जसाच्या तसा आईला लावता येणार नाही. पण पूर्ण डोस नाहीतर काहीच नाही, असं कुणी म्हणालं तर डॉक्टरांशी या दिशेने बोलायला जागा आहे. आणि मुख्य उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आजच विचारा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. उपचार सुरू होण्याआधी मंजुरी घ्यावी लागते, नंतर धावपळ होते.

आता वजनाकडे. क्रॉस अभ्यासात घेतलेल्या रुग्णांचं वजन दहा टक्क्यांपेक्षा जास्त घटलेलं चालत नव्हतं. आई ती रेषा ओलांडून गेलीय. म्हणजे ते सुंदर निकाल ज्या माणसांचे, त्यांच्या पंक्तीत तिला बसवायचं तर आधी तिच्या पोटात अन्न जायला हवं. वजन घटत राहिलं की किमो मध्येच थांबवावी लागते, लाईटमध्ये खंड पडतो, ऑपरेशननंतर टाके भरून यायला वेळ लागतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि घटलेलं वजन हे या आजारातले स्वस्तातले, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मार्कर आहेत. त्यांच्यावर इलाजही आहे, जो सीईएवर नाही.

सर्जनना पुढच्या भेटीत विचारा की किमो-लाईट सुरू होण्याआधी नाकातून नळी घालायची की पोटातून आतड्यात. नळीचं नाव काढलं की आपल्याकडे घरचे हबकतात, ‘आता शेवटचं आलं’ असं समजतात. ती शेवटची नसते. उपचार झेपावा म्हणून घातलेली असते आणि गिळता यायला लागलं की निघते. तोवर तोंडाने जे उतरतंय ते दर दोन तासांनी द्या, पातळ पण दमदार : नाचणीच्या आंबिलीत दूध नाहीतर ताक, मुगाचं गाळलेलं वरण तूप घालून, पेजेत फेटलेलं अंडं शिजवून, केळं दुधात घुसळून. नुसतं वरणाचं पाणी, ग्लुकोज, नारळपाणी यांनी पोट भरतं, वजन नाही. खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास बसवून ठेवा, झोपताना डोक्याकडची बाजू उंच. दर सोमवारी सकाळी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. पाणी पिताच ठसका लागून खोकला येत असेल, ताप येत असेल, किंवा घोटभर पाणीही उतरेनासं झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

मिश्री आजपासून बंद करायला हवी. आता काय फरक पडतो, असं मामा म्हणतील. पडतो. जखम भरायला आणि छातीच्या ऑपरेशनमधून उठायला फरक पडतो. पण तिला रागावून सांगू नका. चाळीस-पन्नास वर्षांची सवय आहे, आणि तिच्या पिढीतल्या कितीतरी बायकांना ती दात घासायचं साधन म्हणूनच लागली. तलफ फार असेल तर डॉक्टरांना निकोटिनच्या गोळ्या-पट्टीबद्दल विचारा.

मात्र मिश्री सोडायला सांगायची, नळी घालायची, पाच आठवडे रोज लाईटला न्यायचं आणि म्हणायचं अल्सर आहे, हे चालणार नाही. लाईटच्या रांगेत शेजारी बसलेली बाई पहिल्याच दिवशी तिला विचारेल, ‘तुमची गाठ कुठं आहे?’ ते तिथे कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू द्या. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. ‘आई, नळीत गाठ आहे, ती कॅन्सरची आहे, बाहेर पसरलेली नाही, आणि त्यावर उपचार करायचे ठरलेत’ एवढं सांगून थांबा. पुढचं ती विचारेल तेवढंच सांगा. आकडे ती विचारेपर्यंत सांगू नका, पण विचारले तर खोटे सांगू नका. सर्जननाही आधी कल्पना द्या, म्हणजे ओपीडीत एकानं एक आणि दुसऱ्यानं दुसरं असं होणार नाही. किती दिवस, या प्रश्नावर तिचा हक्क तुमच्याआधीचा आहे. तिला काय झेपेल, कशासाठी झगडायचंय, हे तीच ठरवू शकते.

दुसरं मत घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या. मोठ्या केंद्रात नुसता रिपोर्ट चालत नाही, ते काचा आणि ब्लॉक मागतात. जिथे तुकडा तपासला त्या लॅबमधून दोन्ही लेखी पोच देऊन घ्या आणि उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ब्लॉक मेणाचा असतो. पुढे कधी खरंच एखाद्या मार्करची गरज लागली तर तो याच ब्लॉकमधून करता येईल. फक्त या सगळ्यात पहिल्या किमोची तारीख दोन-तीन आठवड्यांपेक्षा पुढे ढकलू नका.

आणि पुढच्या भेटीत सर्जनना हे विचारा : आईचं वजन आणि अल्ब्युमिन बघता किमो-लाईट केव्हा सुरू करता येईल, नळी आधी घालायची का, लाईट संपल्यावर ऑपरेशन किती आठवड्यांनी, आणि या ऑपरेशनचा तुमच्या टीमला अनुभव किती आहे. शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नका. अन्ननलिकेची ऑपरेशनं जिथे नेहमी होतात तिथे रुग्ण जास्त सुखरूप घरी जातात, हे जगभर दिसलंय, आणि चांगला सर्जन या प्रश्नाचा राग मानत नाही.